सतरंजीवरचं बोलणं आणि ग्रुपवरचं बोलणं

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. बोलल्या तसंच छापलं आहे, फक्त लांबी थोडी कमी केली आहे.)



मला विषय दिलाय, 'सोशल मीडियावरचं चांगलं-वाईट वागणं'. विषय ऐकून आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "तुला काय कळतंय त्यातलं? फोटो पाठवायचा म्हणलं की अजून पोराला हाक मारतीस!" खरंय काकूंचं. मी काही त्यातली जाणकार नाही. नववी शिकले, अकरा वर्षं गटाची सचिव आहे आणि आमच्या ग्रामसंघाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाल्यापासून त्याची ॲडमिन आहे. फोन कसा चालवायचा ते तुमच्या पोरीबाळी माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मी फोनवर वागायचं कसं तेवढंच बोलणार आहे. कारण त्यात मी स्वतः चुकलेली आहे. जो रस्ता चुकतो त्याला रस्ता जास्त पाठ होतो.

आधी चांगलं सांगते. फोनला नुसत्या शिव्या द्यायला मी उभी राहिलेली नाही.

आपल्या भागात ज्वारी पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ज्वारी विकून किती पैसे येतात ते तुम्हाला माहितीये. आमच्या शेजारच्या गटानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायला घेतली. पहिली दोन वर्षं आषाढीला पंढरपुरात टेबल लावायचं, वारी संपली की धंदा संपला. मग एकीच्या सुनेनं फोनच्या स्टेटसला भाकरीचा फोटो टाकला. साधाच फोटो, चुलीजवळचा, मागं भांडी पडलेली. पुण्याला राहणाऱ्या तिच्या मामेबहिणीनं तो बघितला, तिच्या सोसायटीतल्या सोलापूरकडच्या बायकांनी बघितला. आता महिन्याला दोनदा एसटीच्या पार्सलनं खोकी जातात.

त्याच गटाची आणखी एक गोष्ट सांगते, मला ती भाकरीपेक्षा मोठी वाटते. एका गिऱ्हाइकानं ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, 'चटणीला खवट वास येतोय.' गटातल्या एकीला राग आला. ती म्हणाली, "मी लिहिते त्याला, फुकट खायला मिळालं का म्हणून." बाकीच्यांनी तिला थांबवलं. उरलेला डबा उघडून वास घेतला, तर खरंच शेंगदाणे जुने होते. मग त्यांनी तिथंच, त्याच ग्रुपवर लिहिलं, 'चूक आमची आहे. दुसरा डबा पाठवतो, पैसे नकोत.' तो माणूस आता दर दिवाळीला मागवतो, आणि चार जणांना सांगतो. वाईट शब्दाला उलटा शब्द दिला असता तर डबाही गेला असता आणि गिऱ्हाइकही.

नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे तुम्ही कुणी बघितल्या असतील. सत्तरीतल्या आजी. नातवाच्या मदतीनं 'आपली आजी' नावानं यूट्यूबवर स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकले आणि लाखो लोकांनी बघितले. वांग्याची भाजी करायला आपल्याला येत नाही का? येतं. पण हे शिकण्यासारखं मला त्यात वाटलं नाही. २०२० साली त्यांचं ते चॅनल कुणीतरी चोरलं होतं, पुढं परत मिळालं. म्हणजे फोनमध्ये जे उभं केलं, त्यालाही दाराला कुलूप लागतं. हे लक्षात ठेवा, पुढं बोलते.

आता माझी चूक.

ज्या ताईची ही गोष्ट आहे, तिला मी विचारलंय, "सभेत सांगू का?" ती म्हणाली, "सांग, पण नाव नको." म्हणून नाव सांगणार नाही, आणि तुम्हीही नंतर मला विचारू नका.

आमच्या गटात बारा जणी. त्यातल्या एकीचे तीन हप्ते थकले होते. पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला तिनं कर्ज घेतलेलं, त्या वर्षी पाऊस नाही, म्हशीचं दूध आटलेलं. बैठकीत आम्ही तिला बोलत होतो. ती खाली बघून म्हणायची, "देते, पुढच्या महिन्यात देते." बैठकीत कितीही बोललं तरी आपण सतरंजीवर गोल बसलेलो असतो. समोरचीचं तोंड दिसतं. तिचे डोळे भरलेले दिसले की आपली जीभ आपोआप मागं येते. कुणीतरी म्हणतं, "बास आता, चहा ठेवा."

एका रात्री बँकेतून फोन आला, वसुली कमी पडली तर पुढचं कर्ज अडेल म्हणून. मला राग आला होता. मी कर्जखतावणीचं पान उघडलं, तिच्या नावाखाली लाल पेनानं रेघ मारली, फोटो काढला आणि ग्रामसंघाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'अशा सदस्यांमुळे गावाचं नाव खराब होतंय.' एकशे चाळीस बायका त्या ग्रुपवर. पाच मिनिटांत अंगठे आले. दोघींनी हसणारी तोंडं टाकली. मला वाटलं, काम झालं.

काम खरंच झालं बघा. चौथ्या दिवशी तिनं सगळे हप्ते भरले, व्याजासकट. गाभण शेळी विकली होती तिनं. दुसरं काही विकण्यासारखं घरात नव्हतं. पैसे माझ्या हातात दिले, पावती घेतली आणि म्हणाली, "माझं नाव कमी करा."

नंतर कळलं ते असं. तो फोटो ग्रुपवरच्या कुणीतरी नवऱ्याला दाखवला, त्यानं गावातल्या पुरुषांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो पुण्याला तिच्या जावयाच्या फोनवर गेला. जावयानं मोठ्या पोरीला विचारलं, "तुझ्या आईचं नाव लाल रेघेत का?" त्या पोरीला नवऱ्यापुढं मान खाली घालावी लागली, आणि तिला तर हे कर्ज माहीतही नव्हतं.

मी तिच्या घरी गेले. मी म्हणलं, "अगं, पण हे सगळं वहीत होतंच ना! मी काय खोटं लिहिलं?" तेव्हा ती काय म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती म्हणाली, "वहीत नाव असायला माझी ना नव्हती. वही घरात राहते."

बायांनो, वही पेटीत राहते. पेटीला कुलूप असतं, किल्ल्या वेगवेगळ्या जणींकडं असतात. वही बैठकीत उघडते आणि बैठकीत मिटते. ग्रुपवर टाकलेल्या पानाला मिटणं नाही. मी तो फोटो माझ्या फोनमधून काढून टाकला. पण जावयाच्या फोनमधून कसा काढू? ज्यांनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवला त्यांच्या फोनमधून कसा काढू?

मी माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "इथं चुलीपाशी माफी मागू नकोस. जिथं टाकलंस तिथं माग." दोन दिवस माझा हात होईना. मग लिहिलं, 'मी अमुक दिवशी जो फोटो टाकला तो टाकायला नको होता. त्या ताईंनी सगळे पैसे भरले आहेत. चूक माझी आहे.' लाल रेघेला चाळीस-पन्नास अंगठे आले होते, माफीला तीन हात जोडलेले आले.

ती अजून गटात परत आलेली नाही. गट अकरा जणींचा आहे. आमची वसुली शंभर टक्के आहे, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही फक्त एका बाईच्या अब्रूची नाही, जिवाची आहे.

२०१८ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. सगळ्या ग्रुपांवर एकच निरोप फिरत होता, 'मुलं पळवणारी टोळी आलीय, भिकाऱ्याच्या वेशात फिरतेय.' सोबत एक व्हिडिओ होता, मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरचं पोर उचलून नेतात असा. मीही बघितला. खरंच मानला. आठ दिवस मी माझ्या पोराला अंगणात खेळू दिलं नाही. तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीतला होता, लोकांनी मुलांकडे लक्ष द्यावं म्हणून मुद्दाम तयार केलेला. शेवटी ते दोघं पोर परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता.

त्याच हवेत १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसं जमावानं मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, भिक्षा मागायला गेलेली. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. आपल्याच भागातली माणसं, पोटासाठी इतक्या लांब गेली, आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारली गेली. त्यांना मारणारे काही जन्माचे खुनी नव्हते. आपल्यासारखेच आईबाप होते, आपल्यासारखेच घाबरलेले. प्रत्येकाच्या खिशात तोच निरोप होता.

त्याच दिवसांत आमच्या गावात सुया-पोत विकणारी एक बाई आली. पाराजवळ पोरांनी तिला अडवलं. बघता बघता पन्नास माणसं जमली. कुणी तिची झोळी उपसली, कुणी फोन काढून तिचा व्हिडिओ घ्यायला लागलं. तेवढ्यात आमच्या गटातल्या एक म्हाताऱ्या आक्का तिथून चालल्या होत्या. त्यांच्याकडं साधा बटणाचा फोन. त्या गर्दीत शिरल्या, बाईकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, ही तर वर्साला येती. माझ्या सुनंच्या बाळंतपणाला बिबं हिच्याकडनंच घेतलं मी." आणि काय केलं, तर त्या बाईच्या शेजारी पारावर फतकल मारून बसल्या. पोलीस पाटील येईपर्यंत उठल्या नाहीत. आक्का बसल्यावर कुणाचा हात पुढं येईना.

मी नेहमी विचार करते, आमच्या सगळ्यांच्या हातात मोठे फोन होते, आणि त्या बाईला ओळखलं कुणी? ज्या आक्कांनी माणसाच्या तोंडाकडं बघितलं, त्यांनी.

राईनपाड्याच्या त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवता येईल असं केलं. पुढं आणखी कडक केलं. निरोपावर दोन बाण दिसले की समजायचं, हा खूप हातांतून फिरून आलेला आहे. तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण कंपनीनं घातलेली अट ही बांधावरची काटेरी कुडाची आहे. मनात आलं तर माणूस कूड ओलांडतोच. थांबायचं की नाही ते आपल्या अंगठ्यानं ठरवायचं.

गटात कुणी कर्ज मागितलं तर आपण काय विचारतो? कशाला पाहिजे? कधी फेडणार? जामीन कोण? पाच हजाराला एवढे प्रश्न विचारणारी बाई मी, आणि फोनवर आलेला निरोप एकही प्रश्न न विचारता सहा ग्रुपांना देते! फोनवरच्या निरोपालाही तीन प्रश्न विचारा. हा कुणी लिहिला? कधीचा आहे? कुठल्या गावचा आहे? निरोप पाठवणारीलाच विचारा, "ताई, तुम्ही स्वतः बघितलं का?" ती म्हणाली, 'मलाही आलं म्हणून टाकलं,' तर तो निरोप तुमच्यापाशी मरू द्या. त्याचं पाप लागत नाही.

आता पैशाचं आणि पोरींचं थोडक्यात सांगते. मघाशी कुलपाचं बोलले होते ते हेच.

पैसे मिळवायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले, एवढं पाठ करा. ओटीपी विचारणारा बँकेचा नसतो. पोलिसाच्या कपड्यात व्हिडिओ कॉल करून कुणी म्हणालं, 'तुम्हाला डिजिटल अटक झालीय,' तर फोन ठेवून द्या. कायद्यात असली अटकच नाही. आणि फसलात तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा नंबर लगेच लावा. जितक्या लवकर लावाल तितकी गेलेली रक्कम पुढच्या खात्यात अडवायची आशा जास्त. गटाचा पैसा असेल तर रात्र काढू नका, त्याच घटकेला अध्यक्ष-कोषाध्यक्षांना उठवा. फसलेल्या बाईला "तुला अक्कल नाही का" म्हणणारीही आपणच असतो, म्हणून बाया सांगत नाहीत आणि वेळ निघून जातो.

पोरींच्या बाबतीतही तेच. एखाद्या पोराटोरानं पोरीच्या फोटोवरून धमकी दिली, खोटा फोटो तयार करून दिला, तर आपण पहिलं काय करतो? पोरीचा फोन काढून घेतो आणि कॉलेज बंद करतो. मग दुसऱ्या वेळी पोरगी सांगतच नाही. आधी तिला म्हणा, "बरं केलंस सांगितलंस." मग ते निरोप खोडू नका, जपून ठेवा, तो पुरावा आहे. पैसे देऊ नका. पोलीस ठाण्यात जा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार करा, महिलांसाठी १८१ आहे. एकटं जायला भीती वाटत असेल तर गटातल्या चार जणी घेऊन जा. गट कर्जापुरताच आहे का?

माझ्यासारख्या ॲडमिन बायांसाठी एक शब्द. ग्रुपवर कुणी वाईट टाकलं तर मला जेलमध्ये टाकतील का, असं एकीनं विचारलं होतं. नुसती ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराचा गुन्हा ॲडमिनवर येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली सांगितलंय. तिचाही त्यात हात असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कायदा आपल्याला सोडतो. पण आपलं मन सोडत नाही, हे मी अनुभवातून सांगते. ॲडमिनला आता दुसऱ्यानं टाकलेलंही सगळ्यांसाठी खोडता येतं. घाणेरडं दिसलं की खोडा, आणि टाकणारीला ग्रुपवर फाडू नका, फोन करून बोला.

शेवटी एक ठराव मांडते. आमच्या गटानं केलाय, इतिवृत्तात लिहून बाराच्या जागी अकरा सह्या केल्यात. पटला तर तुम्हीही करा.

एक, हप्त्याचं, कर्जाचं, घरातल्या भांडणाचं कुणाचंही नाव ग्रुपवर येणार नाही. ग्रुपवर बैठकीची तारीख, वेळ आणि कामाची माहिती येईल. थकबाकीचं बोलणं बैठकीत किंवा तिच्या घरी होईल.

दोन, कुणाचाही फोटो तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. कार्यक्रमाचाही नाही. पोराबाळांचा तर नाहीच.

तीन, स्वतः न बघितलेली भीतीची बातमी पुढं पाठवायची नाही. शंका आली तर पोलीस पाटलांना विचारायचं.

चार, चूक जिथं केली, माफी तिथंच मागायची.

हे चारही नियम कुणाला पाठ होत नसतील तर एकच लक्षात ठेवा. अंगठा दाबायच्या आधी डोळे मिटा आणि ती बाई सतरंजीवर आपल्यासमोर बसलीय असं समजा. तिच्या तोंडाकडं बघून हे बोलता येईल का? येत असेल तर खुशाल लिहा. येत नसेल तर फोन पालथा घाला आणि उद्या तिच्या दारात जा.

माझ्या ग्रुपवर अजून एकशे चाळीस नावं आहेत. त्यातलं एक नाव असं आहे की तिनं ग्रुप सोडलेला नाही, पण ती काही लिहीत नाही. मी बैठकीची तारीख टाकते तेव्हा तिनं ती वाचल्याच्या दोन निळ्या खुणा येतात. मी दर महिन्याला बघते.

सतरंजीवर तिची जागा ठेवली आहे.